पगार परदेशात, लेकरू कुठे?

गेल्या महिन्यात आमच्या बस्तीतली एक पोरगी घरी आली. तिने जीएनएम केले आहे, एका खासगी दवाखान्यात तीन वर्षे ड्युटी केली आहे आणि कडेवर नऊ महिन्यांचे बाळ आहे. हातात मालदीवच्या नोकरीचा कागद होता. पगाराचा आकडा तिने दोनदा वाचून दाखवला. मग बाळाकडे बघत विचारले, "ताई, याला न्यावं की आईजवळ ठेवावं?"

आपल्या बस्त्यांमधून नर्सिंगला जाणाऱ्या मुली वाढल्या, त्यातल्या काही बाहेरदेशी जाऊ लागल्या, याचा आम्हाला अभिमान आहे. घरी पक्के छत पडते, धाकट्या भावाचे शिक्षण होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण निरोपाच्या कार्यक्रमात सगळे पगार विचारतात. लेकराचे काय, हे कुणी विचारत नाही. "आजी आहे ना!" एवढ्यावर तो विषय संपतो. तो तिथे संपत नाही, हे सांगायला हा लेख लिहितो आहोत. आम्ही २०१३ ते २०१७ अशी चार वर्षे दोन लेकरांसह मालदीवची राजधानी माले इथे राहिलो. जे चुकले ते लपवणार नाही.

बेट म्हणजे निळे पाणी नव्हे

मालदीव म्हटले की टीव्हीवरचे निळे पाणी आणि लाकडी झोपड्या आठवतात. ती पाहुण्यांची बेटे. कामाला जाणारा माणूस राहतो मालेमध्ये. हा देश सुमारे बाराशे प्रवाळ बेटांचा आहे, त्यातल्या दोनशेच्या आतबाहेर बेटांवर वस्ती आहे. लोकसंख्या सगळी मिळून पाच लाखांच्या आसपास, आणि दर पाच माणसांतली दोन माले परिसरात. मूळ माले बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटर. त्यावर लाखाहून जास्त माणसे. गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एक मागे घ्यावी लागते.

आमची खोली चौथ्या मजल्यावर होती. दहा बाय बारा. एक खिडकी, ती समोरच्या भिंतीकडे उघडणारी. पहिल्या दिवशी आमची मुलगी म्हणाली, "आई, ही तर आपलीच बस्ती आहे, फक्त उंच." पाच वर्षांच्या पोरीने जे ओळखले ते आम्हाला ओळखायला सहा महिने लागले. बस्तीत लेकरू वाढवताना जे प्रश्न असतात तेच इथे होते. पाणी, डास, दाटी, खेळायला जागा नाही. जास्तीचे दोनच. आजी नाही आणि भाषा नाही.

आम्ही केलेली पहिली चूक

एजंटाने सांगितले होते की एकाच मुलाचा व्हिसा होईल. आम्ही विश्वास ठेवला. मुलीला घेतले आणि चौदा महिन्यांच्या मुलाला आजीजवळ ठेवून निघालो. तो झोपला असताना निघालो, म्हणजे रडणार नाही. एजंटाचे बोलणे खोटे होते हे तिथे गेल्यावर कळले, पण तोवर सुट्टी आठ महिन्यांनीच मिळणार होती.

आठ महिन्यांनी घरी आलो तेव्हा मुलगा आजीच्या पदराआड लपला. आजी आम्हाला "ताई आली बघ" म्हणाली, तर तोही दोन दिवस "ताई" म्हणत राहिला. आजीने त्याला जिवापाड जपले होते, वजनही चांगले होते. पण रात्री तो दचकून उठायचा आणि आजी जागेवर आहे की नाही हे हाताने चाचपून बघायचा. आम्ही त्याला घेऊन परत गेलो तेव्हा तोच हात आमच्या अंगावर फिरायचा. ते चाचपणे थांबायला वर्ष लागले.

आम्ही नर्स. हजार लेकरांना सलाईन लावली असेल. पण झोपेत सोडून जाणे म्हणजे लेकराला "झोपलास की माणसे नाहीशी होतात" असे शिकवणे आहे, हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते. रडले तरी चालेल, जागेपणी सांगून जावे. रडणारे लेकरू पुन्हा शांत होते. फसवलेले लेकरू झोपायलाच घाबरते.

बापाच्या हातची पेज

नोकरी नर्सची. सोबत आलेल्या नवऱ्याला त्या व्हिसावर काम करता येत नाही. म्हणून घर आणि लेकरे बापाकडे आली. नागपूरला वायरमनचे काम करणारा माणूस मालेमध्ये वरणभात शिजवू लागला, वेण्या घालू लागला, ताप मोजू लागला. इकडे बस्तीत लोक हसले. "बायकोच्या जिवावर बसला आहे," म्हणाले. आम्ही एवढेच म्हणतो की त्या चार वर्षांत दोन्ही लेकरे ज्याच्यामुळे जगली-वाढली, त्याला बसलेला म्हणू नका. बाहेरदेशी जाणाऱ्या नर्सच्या नवऱ्याने जाण्याआधी तीन गोष्टी शिकाव्यात. ओआरएस कालवणे, थर्मामीटर वाचणे आणि लेकराची लघवी किती वेळा झाली हे लक्षात ठेवणे. हे काम बाईचेच आहे असे कुठल्याच पुस्तकात लिहिलेले नाही.

खाण्याचेही सांगतो. बेटावर शेती नगण्य, जवळजवळ सगळे बाहेरून येते. कांदा-बटाटा, तांदूळ, डाळ भारतातून जाते. पालकाची जुडी ही चैन. स्वस्त काय, तर डब्यातला रस, बिस्किटे, रंगीत पाणी. पहिल्या वर्षी मुलीचे दात किडले ते त्यामुळे. मग शेजारणीने रस्ता दाखवला. तिथली न्याहारी म्हणजे मासहुनी. शिजवलेला टुना मासा, ओले खोबरे, कांदा, लिंबू एकत्र चुरडायचे आणि रोशीबरोबर खायचे. रोशी म्हणजे आपली पोळीच. सुकट-बोंबील खाणाऱ्या घरातल्या लेकरांना मासा नवा नव्हता. मिरची वगळून मासहुनी, वरणात चुरलेली रोशी आणि घरून नेलेले नाचणीचे पीठ, एवढ्यावर धाकट्याचे वजन पुन्हा चढले. परदेशात गेल्यावर आपले तेच पाहिजे हा हट्ट महाग पडतो. तिथला गरीब माणूस काय खातो ते बघावे. ते बहुधा स्वस्त असते आणि पोषकही.

भाषेची आम्हाला उगाच भीती वाटली होती. मुलगी महिनाभरात दिवेही भाषेत आकडे मोजू लागली. "एके, दे, तिने, हतरे, फहे." फोनवर आजी हसली, "अगं, हे तर आपलेच एक-दोन!" दिवेही आपल्या मराठीच्याच कुळातली, सिंहलीची जवळची बहीण. घरी मराठी पूर्ण बोलायची, शाळेत शाळेची भाषा, गल्लीत गल्लीची. दोन-तीन भाषांनी लेकरू बोलायचे थांबत नाही. अर्धवट इंग्रजीत बोलणाऱ्या आईबापाने मात्र त्याची एकही भाषा धड होत नाही.

ताप उतरला, तेव्हाच धोका होता

२०१५ च्या पावसाळ्यात मुलीला ताप आला. सात वर्षांची होती. तीन दिवस अंग भाजत होते, डोळ्यांमागे दुखत होते. पॅरासिटामॉल देत राहिलो. चौथ्या दिवशी ताप उतरला. आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि नाइट ड्युटीला गेलो. रात्री अकराला घरून फोन आला. "पोट दुखतं म्हणते, तीनदा ओकली, हातपाय गार लागतात, दुपारपासून लघवीला गेली नाही." शिकवलेले तेव्हा कामाला आले. बापाने लघवी मोजली होती.

डेंग्यूमध्ये ताप उतरण्याची वेळ हीच धोक्याची वेळ. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात रक्तातले पाणी नसांबाहेर झिरपू लागते. बाहेरून लेकरू थंड, म्हणजे बरे वाटते. आत रक्तदाब घसरत असतो. वॉर्डात आम्ही हे शेकडो आयांना सांगितले होते. स्वतःच्या लेकराच्या वेळी आईचे मन नर्सच्या डोक्यावर बसले.

तिला भरती केले, ती वाचली. मग बिल आले. मालदीवमध्ये २०१२ पासून आसंधा नावाची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात तिथल्या प्रत्येक नागरिकाचा उपचार येतो. आम्ही नागरिक नव्हतो. नोकरी देणाऱ्याचा विमा होता तो नर्सचा. लेकरांचा नव्हता, कारण करारात आम्ही तसे लिहून घेतले नव्हते. दोन महिन्यांचा पगार गेला. दुसऱ्या लेकरांना रात्रभर सांभाळणाऱ्या बाईच्या लेकराला त्या दवाखान्यात हक्काची खाट नव्हती. आपल्या लोकांना हे नवे नाही. शहर झाडायचे आपण आणि शहराच्या सोयी दुसऱ्यांच्या. फक्त देश बदलला होता.

तरीही त्या बेटाकडून शिकण्यासारखे आहे

राग खरा आहे, पण त्या रागात एक गोष्ट झाकून ठेवली तर आमचा धंदा खोटा ठरेल. त्या लहान देशाने मलेरिया संपवला. तिथल्या तिथे लागण झालेला शेवटचा रुग्ण १९८४ चा, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियामुक्तीचे प्रमाणपत्र दिले. २०१६ मध्ये हत्तीरोग हटवल्याची मान्यता मिळाली, २०१७ मध्ये गोवर हटवल्याची. हे श्रीमंतीने झाले असे समजू नका. २०११ पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या अतिमागास देशांच्या यादीत त्याचे नाव होते. १९७८ मध्ये मालेमध्ये कॉलऱ्याची साथ आली, कारण बेटाखालचे गोडे पाणी मैल्याने नासले होते. त्यानंतर सांडपाण्याची आणि नळाच्या पाण्याची कामे हाती घेतली गेली. आज तिथे समुद्राचे पाणी गोडे करून नळाला सोडतात.

तेही पाणी किती नाजूक, ते ४ डिसेंबर २०१४ ला कळले. त्या केंद्राला आग लागली आणि सगळी राजधानी कोरडी पडली. भारताने विमानाने आणि जहाजाने पाणी पाठवले. आम्ही बाटल्यांच्या रांगेत उभे राहिलो. धाकटा तीन वर्षांचा होता आणि नेमके त्याला जुलाब लागले. खोलीत दोन बाटल्या शिल्लक. आंघोळ, भांडी सगळे बंद केले आणि ते पाणी फक्त दोन कामांना ठेवले. ओआरएसला आणि हात धुवायला. तो तीन दिवसांत सावरला. तेव्हापासून आमच्या घरात झाकलेले दहा लिटर पाणी आणि ओआरएसची चार पाकिटे कायम असतात, आजही.

आता आपल्याकडे बघू. विदर्भात हत्तीरोग आहे, हे आपल्याला पाय बघून माहीत आहे. दर मोहिमेत आशाताई गोळ्या घेऊन दारात येते. आपण म्हणतो, "ठेव, जेवल्यावर घेतो," आणि गोळ्या कपाटात जातात. ती समोरच गिळायला सांगते, कारण वस्तीतल्या बहुतेकांनी गोळ्या घेतल्या तरच जंतूंची साखळी तुटते. बेटावर हत्तीरोग गेला तो या शिस्तीने. घरोघर तपासणी, औषध आणि पाठपुरावा. वस्ती असलेल्या बेटावर लहान का होईना आरोग्य केंद्र असते. तिथला कर्मचारी प्रत्येक लेकराला नावाने ओळखतो. आपल्या बस्तीचा आकार एका बेटाएवढाच असतो. तिथे जमते ते इथे का जमू नये? जमत नाही, कारण महापालिका आपल्याला मोजत नाही आणि आपण महापालिकेला विचारत नाही. दोन्ही बदलायला हवे.

पण डेंग्यू त्या बेटाला अजून हटवता आलेला नाही. का, तर हा डास आपल्या घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो. गच्चीवरची टाकी, बांधकामावरचा ड्रम, कुंडीखालची बशी. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, वाळवून पुन्हा भरायची. नुसते पाणी ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. यासाठी सरकारचा पैसा लागत नाही. पण नळाला रोज पाणी आले तर ड्रम भरून ठेवावेच लागणार नाहीत. ती मागणी मात्र सरकारकडेच करायची.

त्या पोरीला आम्ही काय सांगितले

सरसकट "ने" किंवा "ठेव" असे आम्ही म्हणालो नाही. हे सांगितले.

एक. नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस आधी देऊन घे. माता-बाल संरक्षण कार्डाच्या दोन प्रती काढ, एक सोबत, एक आईकडे. प्रत्येक देशाचे लसीचे वेळापत्रक वेगळे असते. कार्ड नसले की तिथे डोस चुकतात किंवा दुबार होतात. इथला पुढचा टप्पा १६ ते २४ महिन्यांचा आहे, तो कुठे द्यायचा ते आजच ठरव.

दोन. बाळ अंगावर पिते आहे. सहा महिने फक्त आईचे दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत दूध, हे आपण दुसऱ्यांना सांगतो. दुसरे मूल तिथे होणार असेल तर हेही लक्षात घे. आपल्याकडे २०१७ पासून प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची आहे. मालदीवच्या २००८ च्या रोजगार कायद्यात ती ६० दिवसांची होती. जाण्याआधी आज किती आहे ते लेखी विचार.

तीन. करारात चार ओळी मागून घे. लेकराचा व्हिसा, लेकराचा विमा, कुटुंबासाठी खोली, आणि महिन्याला नाइट ड्युटी किती. तोंडी शब्दाला परदेशात किंमत नसते. आखाती देशांत जाणाऱ्या नर्ससाठी ई-मायग्रेटचे जे बंधन आहे, त्या देशांच्या यादीत मालदीव नाही. म्हणून स्वतःच जास्त सावध राहा. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का ते बघ. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावती घे. पासपोर्ट कुणाच्या हातात ठेवू नको.

चार. सामानात पूजेची मूर्ती ठेवू नको, तिथे न्यायला कायद्याने मनाई आहे. वंदना लेकरांना तोंडपाठ असली की पुरते. आमच्या पोरांनी ती त्या दहा बाय बाराच्या खोलीतच पाठ केली, आणि फोन लागला की आधी "जय भीम आजी" म्हणायची.

पाच. ठेवूनच जायचे असेल तर सांभाळणारे हात एकच ठेव. आज आजी, उद्या मामी, परवा शेजारीण असे नको. रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओवर दिस. महिन्याला अंगणवाडीत वजन करून वाढीच्या आलेखावर खूण करायला लाव. जागेपणी सांगून नीघ. आणि पहिली सुट्टी शक्य तितकी लवकर लिहून घे.

सहा. समुद्र असो की बादली, लहान लेकराला पाण्याजवळ क्षणभरही एकटे सोडू नको. बुडणारे लेकरू ओरडत नाही. वीतभर पाण्याची बादलीही त्याला पुरते. हे बस्तीतल्या प्रत्येक घराला लागू आहे.

सात. तापात पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्यायचे. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने द्यायचे नाही. ताप उतरल्यावर पोटदुखी, सारखी ओकारी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार हातपाय, सुस्ती किंवा बेचैनी, लघवी कमी, यातले एकही दिसले तर सकाळची वाट बघू नको.

शेवटचे दोन शब्द

काही लोक म्हणतील, गरिबाच्या पोरीला इतक्या अटी घालायला कुठे परवडते? आमचे म्हणणे उलटे आहे. ज्याच्याजवळ पैसा असतो त्याला चूक परवडते. आम्हाला आमच्या अटी न घालणे परवडले नाही. लेकराचे आठ महिने आणि दोन पगार गेले. पगार नंतर भरून आले.

परवा त्या पोरीचा फोन आला. चार ओळी लिहून द्या म्हटल्यावर एजंटाने आधी टाळले, मग फोन उचलणे बंद केले. ती रडत होती. आम्ही म्हणालो, जो लेकराचे नाव कागदावर लिहायला घाबरतो, त्याच्या भरवशावर समुद्र ओलांडायचा नाही. ती दुसऱ्या, नोंदणी असलेल्या एजंटाकडे कागद देते आहे. बाळाला गोवर-रुबेलाचा डोस मागच्या बुधवारी दिला. तिच्यासाठी आता आमची एकच सूचना उरली आहे. नवऱ्याला ओआरएस कालवायला शिकव.

आणि तुम्हा वाचकांसाठी एक. ज्या दिवशी हा अंक हातात येईल त्या संध्याकाळी घरातले ड्रम, टाकी, कूलर उलटे करा, घासा. शेजारच्या घरालाही सांगा. एकट्या घराने डास कमी होत नाहीत, गल्लीने होतात.